बाईंची फेरी

"तुमच्या बाईंना आता एकटीला कुठे सोडू नका बरं का," मामा फोनवर म्हणाले होते. "चहा टाकते, विसरते, पुन्हा टाकते. परवा जिन्यात मधेच उभी राहिली आणि मला विचारते, आपण वर चाललोय की खाली?"

मामा म्हणजे बाईंचे धाकटे भाऊ. जन्मभर लिफ्टदुरुस्ती केलेला माणूस. बाईंचे सगळे विद्यार्थी त्यांना मामाच म्हणत. फोन घेतला होता बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीने. तिने तेव्हा कडेवरच्या लेकीच्या तोंडातून चावी काढत हसून उत्तर दिलं होतं, "अहो मामा, बाई पहिल्यापासून तशाच. विचारात असल्या की त्यांना पायातली चप्पल दिसत नाही. तुम्ही उगाच घाबरता."

गंमत अशी, की 'तू उगाच घाबरतेस' हे वाक्य ती स्वतः उठताबसता ऐकायची. घरात तिचं नावच पहारेकरीण पडलं होतं. लेक झोपली की ही तिच्या नाकाखाली बोट धरून बसायची. बाटली उकळायची, आणि मग ज्या पाण्यात उकळली त्या पाण्यावरच हिचा विश्वास नसायचा. नवरा म्हणायचा, "आमच्याकडे चोर यायचा नाही. आलाच तर ही त्याला आधी हात धुवायला लावेल." सासूबाई म्हणायच्या, "अगं, आम्हीही मुलं वाढवली. ती जगली. त्यातलाच एक तुझा नवरा आहे." यावर ती तोंड मिटून घ्यायची, कारण नवऱ्याच्या वाढीत बऱ्याच गोष्टी राहून गेल्या होत्या असं तिचं प्रामाणिक मत होतं.

फक्त बाई तिला कधी असं म्हणाल्या नाहीत. बाईंनी तिला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, पुढे तिचा प्रबंध हाती घेतला, आणि प्रबंधाच्या मधेच लेक झाली तेव्हा प्रबंध बाजूला ठेवून लेकीलाच हातात घेतलं. दर आठवड्याला यायच्या. चपला दाराशी काढायच्या, हात धुवायच्या, तेही न सांगता, आणि बाळाला मांडीवर घेऊन म्हणायच्या, "अहो महोदया, आज आपलं काय म्हणणं आहे?" महोदया हुंकार भरायच्या. "ऐकलंस का गं पोरी? यांना तुझी बाजू पटत नाही. तू झोप जरा. पहाऱ्यावर मी आहे."

त्या एका तासात पहारेकरीण खरंच झोपायची. बाईंचा पहारा असताना बोट धरायची गरज नव्हती.

म्हणूनच गेल्या वर्षी बाई म्हणाल्या, "सभेला ये, लेकीला घेऊन ये, आणि पुढच्या वर्षी तू निबंध वाचायचास," तेव्हा ती नाही म्हणू शकली नाही.

ही सभा म्हणजे व्यक्तित्व आणि प्रेम या विषयावरचा वार्षिक परिसंवाद. माणूस कशाने माणूस ठरतो, आणि आपण माणसावर प्रेम करतो म्हणजे नक्की कशावर करतो, या दोन प्रश्नांचा दर वर्षी कीस काढायचा, आणि कीस संपला नाही म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा यायचं. सभेत तट होते. काही म्हणत, ज्याला स्मरण आहे तो माणूस. काही म्हणत, जो तर्क करतो तो. बाईंचं म्हणणं एका ओळीचं होतं: "ज्याची कुणीतरी वाट बघतं, तो माणूस. बाकी सगळं नंतर." एकदा कुणीतरी उसळून म्हणालं होतं, "अहो बाई, आपण बसचीही वाट बघतो!" त्यावर बाई म्हणाल्या, "ती आली नाही तर तुम्ही दुसरी पकडता."

या सभेत एक रीत होती. तीही बाईंनीच घालून दिलेली. एखाद्याचं म्हणणं ऐकून डोकं तापलं, तर तिथल्या तिथे तोंड उघडायचं नाही. उठायचं, बाहेर पडायचं, सभागृहाला एक फेरी मारायची, आणि परत येऊन थंड डोक्याने आक्षेप मांडायचा. फेरीवर गेलेल्या माणसाला अडवायचं नाही, हाक मारायची नाही, मागे जायचं नाही. सभागृहाला तिन्ही बाजूंनी खिडक्या होत्या, त्यामुळे फेरीवरचा माणूस आधी उजवीकडच्या खिडक्यांतून दिसे, मग समोरच्या, मग डावीकडच्या, आणि दारातून आत येई. बोलणाऱ्याला तेवढा वेळ धडकी भरून राही. बाईंच्या फेऱ्यांच्या तर दंतकथा झाल्या होत्या. एका प्राध्यापकांनी वर्षभर खपून लिहिलेला जाडजूड निबंध बाईंनी एका फेरीत आणि एका प्रश्नात गुंडाळून ठेवला होता. ते प्राध्यापक पुढे बागकामाकडे वळले, आणि सुखी झाले म्हणतात.

तर, ती लेकीला घेऊन सगळ्यात मागे, दाराजवळच्या खुर्चीवर बसली. लेक रडली तर पळता यावं म्हणून. बाई पहिल्या रांगेत होत्या. सकाळी भेटल्यावर त्यांनी तिचा हात हातात धरला, हसल्या, पण 'पोरी' म्हणाल्या नाहीत. गर्दीत राहून गेलं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. मग तिला दिसलं, बाईंनी शाल उलटी पांघरली आहे. तेही तिने स्वतःला समजावलं. दुसऱ्याला 'उगाच घाबरता' म्हणून सांगितलं की ते आपल्यालाही लागू करावंच लागतं.

चहाच्या वेळी तर्कवाले सर तिच्या लेकीकडे बघून म्हणाले, "राग मानू नका हं, पण काटेकोर बोलायचं तर ही अजून व्यक्ती नव्हे."

"हो का? मग तुमचं पेन कोण खातंय ते जरा बघा," ती म्हणाली. सरांनी खिसा चाचपला. पेन महोदयांच्या तोंडात होतं. बाजूचे सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या कपातल्या चहाकडे बघत होत्या, जणू तो कुणी आणून दिला हे आठवून मग प्यायचा होता.

चहानंतर एका तरुण प्राध्यापकाचा निबंध होता. सभेत टाय लावून आलेला तो एकटाच, म्हणून त्याचं नाव टायवाला पडून गेलं होतं. पहिलाच निबंध, पण मांडणी चोख होती. त्याचं म्हणणं असं: प्रेम हा दोघांचा सामायिक भूतकाळ असतो. एकाच्या मनातून तो पुसला गेला, की ज्या व्यक्तीवर आपण प्रेम केलं ती व्यक्तीच उरत नाही. नंतर आपण जी सेवा करतो ते कर्तव्य असेल, कणव असेल, सवय असेल. प्रेम नव्हे. कारण समोर ती नाही.

सभागृहात कुजबुज झाली. आणि बाई उठल्या, दाराशी जरा थबकल्या आणि बाहेर पडल्या.

"फेरी!" कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. खुर्च्या करकरल्या. टायवाला घोटभर पाणी प्यायला. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक. टेबलावरची घंटी सतत वाजवत म्हणून सगळे त्यांना घंटा म्हणत. त्यांनी आनंदाने घंटी वाजवली. "बाई फेरीला गेल्या आहेत. तोवर आपण त्यांचे आक्षेप काय असतील याचा अंदाज करू या का?"

झालं. लग्नघरात वाढप सुरू व्हावं तसा उत्साह आला. एक जण फळ्यापाशी गेला आणि बाईंचे संभाव्य आक्षेप लिहू लागला. "बाई म्हणतील, विसरणं म्हणजे पुसणं नव्हे!" "छे छे, बाई इतकं सोपं म्हणणार नाहीत." "बाईंच्या त्या दाराशी थबकण्यातच मुद्दा होता, तुमच्या लक्षात आलं नाही."

पहारेकरीण खिडक्यांकडे बघत होती. पहिल्या खिडकीत बाईंची उलटी शाल दिसली. दुसरीत दिसायला हवी होती. दिसली नाही. म्हातारं माणूस, हळू चालत असतील. तिने समोरच्या खिडक्या बघितल्या. कुणी नाही. डावीकडच्या बघितल्या. एक मांजर तेवढं कठड्यावर बसलं होतं. बाईंच्या खुर्चीवर त्यांचा चष्मा तसाच पडला होता.

काहीतरी झालंय, असं तिला वाटलं. हे वाटणं तिच्या चांगल्या ओळखीचं होतं, दिवसातून दहादा यायचं आणि दहादा खोटं ठरायचं. म्हणून ती आणखी थोडी थांबली. फळा भरत आला. खिडकी रिकामीच.

ती लेकीला उचलून उठली.

"अहो, फेरीवरच्या माणसामागे जायचं नाही," घंटासरांनी तिथूनच हटकलं. "नियम आहे."

"कुणी केला सर?"

"बाईंनी."

"मग बाईंनाच विचारून येते," ती म्हणाली, आणि बाहेर पडली.

आवारात बाई नव्हत्या. मागे सायकलींच्या शेडपाशी नव्हत्या. फाटक उघडं होतं, आणि फाटकाबाहेर रस्ता, आणि रस्त्यावर भरधाव गाड्या. लेक कडेवर घेऊन धावता येत नाही, धावल्यासारखं चालता येतं. ती तशी चालत सुटली. डाव्या हाताला पूल, उजव्या हाताला दुकानं. कुठे जावं? पहारा करणाऱ्या माणसाला एक सवय असते, ज्याच्यावर पहारा करायचा त्याच्या डोक्याने विचार करायची. लेक रांगत नाहीशी झाली की ती लेकीच्या उंचीवर बसून बघायची, इथून काय दिसतं? आता तिने बाईंच्या जागी उभं राहून बघितलं. बाई निघाल्या होत्या फेरीला. त्यांना फेरीच मारायची होती. पण कशाभोवती?

आणि तिला आठवलं, सभा पूर्वी इथे भरत नसे. रस्त्याच्या वरच्या टोकाला कॉलेजची जुनी दुमजली इमारत होती. ती विकली गेली, त्याला वर्षं झाली. बाईंनी आयुष्यातल्या बहुतेक फेऱ्या त्या इमारतीला मारल्या होत्या.

तिथे आता न्हाणीघराच्या सामानाचं दुकान होतं. काचेआड ओळीने बेसिनं, कुठेच न जोडलेले चकचकीत नळ, आणि आरसेच आरसे. दुकानाचा विक्रेता दाराशी उभा राहून डोकं खाजवत होता. "आजी तुमच्या का हो? मघापासून दुकानाला चकरा मारतायत. मला वाटलं, जागा विकत घ्यायला आल्यात."

इमारतीच्या कोपऱ्यावरून बाई आल्या. शांत पावलं, हात मागे बांधलेले. भिंतीकडे बघत, कुठेतरी दार असणारच या खात्रीने.

"बाई!"

बाई थांबल्या. अनोळखी माणसाकडे बघून हसावं तशा हसल्या. "तुम्हीही सभेलाच का?"

तुम्ही. बाईंनी तिला आयुष्यात कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. रागावल्या तेव्हाही नाही. तिला एकदम आपण कुणाच्याच कोणी नाही असं वाटलं. पण ते वाटून घ्यायला ही वेळ नव्हती.

"हो बाई. सभेलाच."

"बरं झालं भेटलात. दार कुठे ठेवलंय हो या लोकांनी? मी इथूनच बाहेर आले."

इमारत विकली बाई, असं तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. "चला, मीही येते. एक फेरी मारू, सापडेल."

त्या निघाल्या. एक वृद्धा, एक तरुणी, तिच्या कडेवर एक लहानगी, आणि कडेला आरशांमधून चाललेल्या त्याच तिघी. बाई मधेच म्हणाल्या, "जरा भराभर चालू या. आत कुणीतरी माझी वाट बघतंय."

"कोण बाई?"

बाईंनी खूप विचार केला. कपाळावर तीच आठी, निबंध वाचताना पडणारी. "ते नाही हो सांगता येत. माणूस आठवत नाही. नावही नाही." मग आठी गेली. "पण बघतंय. ते पक्कं आहे. नाहीतर मी चालले कशाला असते?"

तेवढ्यात लेकीने बाईंच्या शालीचं टोक धरून तोंडात घातलं. बाईंनी ते अलगद सोडवलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "अहो महोदया, शाल आमची आहे."

तिला चालता येईना. नाव गेलं होतं, नातं गेलं होतं, 'पोरी' गेलं होतं, आणि हे एवढं मात्र शालीच्या टोकाला गाठ मारून ठेवल्यासारखं राहून गेलं होतं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. एका हातात लेक, दुसऱ्या हाताने तिने बाईंचा हात धरला होता. तिने खांद्यालाच डोळे पुसले.

"इकडून नाही बाई, खालच्या अंगाला दार आहे," ती म्हणाली. "दार हलवलंय यांनी."

"तरीच," बाई म्हणाल्या. "मी म्हटलंच होतं, हे लोक काहीही हलवतील."

सभागृहात त्या शिरल्या तेव्हा फळा गच्च भरला होता. सगळे झटकन बसले. घंटासरांचा हात घंटीवर थबकला. टायवाला उभाच होता, परीक्षेतल्या मुलासारखा. "बाई, मी तयार आहे," तो म्हणाला.

"कशाला?" बाईंनी आपुलकीने विचारलं.

सभागृहात हशा पिकला. दोन-तीन जणांनी तर ते लिहूनसुद्धा घेतलं. बाई त्यांच्याकडे बघून हसल्या, मग खुर्च्यांच्या रांगांकडे बघू लागल्या. आपली जागा कोणती, हे त्या शोधत होत्या, आणि साऱ्या शहाण्या सभेत ते तिला एकटीलाच दिसत होतं.

आता काय करावं? बाईंच्या देखत सांगायचं तर बाई उघड्या पडतात. नाही सांगावं तर हे लोक या प्रत्येक शब्दाची दंतकथा करून बाईंना पुन्हा फाटकाबाहेर जाऊ देतील. तिने बाईंना त्यांच्या खुर्चीवर बसवलं, लेकीला त्यांच्या मांडीवर ठेवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या सभेत बोलायला उभी राहिली.

"बाईंचा आक्षेप मी सांगते. फेरीत मी होते." तिने टायवाल्याकडे बघितलं. "सर, समजा एक बाई आहेत. त्या वाट विसरल्या. दार विसरल्या. कुणाकडे चाललोय ते विसरल्या. त्यांच्या जिव्हाळ्याचं माणूस समोर आलं, त्यालाही त्या विसरल्या. तुमच्या निबंधाप्रमाणे त्यांनी थांबायला हवं. त्या थांबल्या नाहीत. कुणीतरी वाट बघतंय म्हणाल्या, आणि चालत राहिल्या. आणि सर, खरंच कुणीतरी बघत होतं. त्या खिडकीतून." तिने खिडकीकडे बोट केलं. "तर त्या चालणाऱ्या कोण होत्या, ते मला सांगा. मी तर त्यांना बाईच म्हणते."

पहिल्यांदा कुणाला काही कळलं नाही. मग एकेक चेहरा बाईंकडे वळला. उलटी शाल, मांडीवर बाळ, बाळाशी चाललेलं गंभीर संभाषण. फळ्यापाशी उभ्या माणसाने हळूच फळा पुसायला घेतला. घंटासरांनी घंटी उचलून टेबलाच्या खणात ठेवली, आवाज होणार नाही अशी.

टायवाला खाली आला. त्याने बाईंचा चष्मा उचलला, टायच्या टोकाने पुसला, त्यांच्यासमोर धरला आणि तिला हळूच विचारलं, "त्या मला ओळखतात का?"

"नाही."

"तुम्हाला?"

"आत्ता नाही. पण आपण त्यांना ओळखतो ना? सध्या तेवढ्यावर चालवू."

मामांना फोन गेला. ते धापा टाकत आले. 'मी सांगितलं होतं' असं काहीही ते म्हणाले नाहीत. बाईंपुढे उभे राहून म्हणाले, "चला ताई. घरी गेल्यावर वर लिफ्टने जायचं का जिन्याने?"

"जिन्याने," बाई म्हणाल्या. "तुझ्या लिफ्टचा काय भरवसा?"

मामांचा चेहरा असा उजळला, की जणू पदक मिळालं. फाटकाशी तिने त्यांना गाठलं. "मामा, तुम्ही उगाच घाबरत नव्हता."

"अगं पोरी," मामा म्हणाले, "उगाच घाबरलो असतो तर किती बरं झालं असतं!"

पुढच्या सभेपर्यंत नियम बदलला होता. फेरी मारायचीच, पण सोबत कुणाला तरी घेऊन. टायवाला दर आठवड्याला बाईंकडे जातो, त्या त्याला दर वेळी नव्याने भेटतात आणि बहुधा दर वेळी तो त्यांना आवडतो. लेक आता चालायला लागली आहे. बाईंचं बोट धरून तीच त्यांना जिन्यावरून उतरवते, आणि पहारेकरीण दोघींच्या मागे एक पायरी सोडून चालते, दोन्ही हात पुढे पसरून. नवरा हसतो, पण हल्ली तिच्या मागे तोही एक पायरी सोडून चालतो.

आणि बाईंनी सांगितलं होतं तसा यंदा तिने निबंध वाचला. बाई पहिल्या रांगेत होत्या, शाल सुलट होती. निबंध सभेच्या वार्षिक अंकात छापून आला आहे. त्याला निष्कर्ष नाही, यावर तर्कवाले सर अजून नाराज आहेत. शेवटी एवढंच आहे:

'वाचणाऱ्यांनो, तुमच्या ओळखीत असं एक माणूस असेल, ज्याला कसं चाललंय विचारलं की ते नेहमी मजेत असतं. ज्याच्या विसरण्यावर तुम्ही परवाच हसलात. त्याला फोन करू नका, फोनवर सगळेच शहाणे असतात. हा अंक खाली ठेवा, चपला घाला आणि त्याच्या दारावरून एक फेरी मारून या. दार उघडलं तर आत जा, चहा किती वेळा टाकतात ते बघा. माझ्या म्हणण्यावर आक्षेप असतील तर ते तुम्ही परत आल्यावर मी ऐकते. आधी जाऊन या.'